उपमा कोणाला सुचली? कथेची बांधणी आणि अलंकारिक भाषा, पायरीपायरीने

कथा लिहायला बसणाऱ्याच्या मनात बहुधा दोन वेगळ्या वह्या असतात. एकीत पात्रं, कथानक, संघर्ष, शेवट. दुसरीत उपमा, रूपक, प्रतीक. आधी पहिल्या वहीतलं लिहून काढायचं आणि मग दुसरीतले दागिने वरून चढवायचे, अशी कामाची पद्धत पडून जाते. अलंकार हा शब्दच तसा आहे. पण कथेत उपमा आपोआप उगवत नाही, ती कोणाला तरी सुचते. ज्याच्या नजरेतून कथा दिसते आहे त्याच्या आयुष्यातून ती आली नाही, तर कितीही सुंदर असली तरी उपरी वाटते. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा आहे: आधी कथेचा सांगाडा, मग नजर, आणि त्या नजरेतून अलंकार.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ, म्हणजे धागा सुटणार नाही. साधारण १५०० शब्दांची कथा. मुख्य पात्र एक म्हातारा घड्याळजी.

बीज एका वाक्यात मांडा

‘म्हातारपणावर कथा लिहायची आहे’ हे बीज नव्हे, तो विषय झाला. विषयावर निबंध होतो. बीजाच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: कोण, त्याला काय हवं आहे आणि आड काय येतं. उदाहरणार्थ, ‘हाताला कंप सुटलेल्या घड्याळजीला, हाताखालच्या मुलाला कळू न देता, एक जुनं मनगटी घड्याळ शनिवारच्या आत दुरुस्त करायचं आहे.’

या वाक्यात ‘कळू न देता’ आणि ‘शनिवारच्या आत’ हे दोन तुकडे सगळं काम करतात. पहिल्यामुळे अडचण बाहेरची न राहता त्याच्या मनात शिरते. दुसऱ्यामुळे वेळ मोजकी होते. वाक्याखाली आणखी एक ओळ लिहा: हरला तर त्याचं काय जाईल? पैसे जातील, हे उत्तर पुरत नाही. ‘आपण अजून कामाचे आहोत, ही समजूत जाईल’ हे पुरतं. ही किंमत लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका. किंमत नसलेल्या कथेत अडथळे कितीही रचले तरी वाचक लांबूनच बघत राहतो.

घटना ‘मग’ने नव्हे, ‘म्हणून’ आणि ‘पण’ने जोडा

सहा ते आठ चिठ्ठ्या घ्या आणि प्रत्येकीवर एक घटना लिहा. त्या ओळीने लावा आणि दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये जोडणारा शब्द लिहा. आपल्या कथेत तो असा येईल: घड्याळ दुरुस्तीला येतं, *पण* मागच्याच आठवड्यात त्याच्या हातून एक बारीक स्क्रू निसटून हरवला आहे, *म्हणून* तो मुलगा घरी गेल्यावर रात्री काम करायचं ठरवतो, *पण* रात्री उजेड अपुरा पडतो आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग वाकते, *म्हणून* तो मुलावर खोटा आळ घेतो, *पण* मुलगा तो निमूटपणे सोसतो. आता म्हाताऱ्याची कोंडी झाली आहे आणि ती त्यानेच केली आहे.

दोन चिठ्ठ्यांमध्ये ‘आणि मग’ याखेरीज काही सुचत नसेल, तर त्यांपैकी एक घटना काढता येते किंवा तिची जागा चुकली आहे. सलग दोनदा ‘आणि मग’ आलं की कथा तिथे सैल पडते. अनेकांच्या पहिल्या खर्ड्यात नेमकं हेच झालेलं असतं: घटना भरपूर, पण एकीमुळे दुसरी घडत नाही.

सुरुवात कुठे करायची, याला ॲरिस्टॉटलने केलेली व्याख्या आजही उपयोगी पडते. ज्याच्या आधी काही असलंच पाहिजे असं नाही ती सुरुवात, आणि ज्याच्यानंतर काही यायलाच हवं असं नाही तो शेवट. या कसोटीवर घड्याळजीचं बालपण, त्याने धंदा कसा उभारला, बायको कधी गेली, हे सगळं गळून पडतं. घड्याळ टेबलावर येतं तिथे सुरुवात होते.

चढण, शिखर आणि उतार असलेला जो त्रिकोण कथालेखनाच्या वर्गांत काढून दाखवतात, तो जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटागने १८६३ साली पाच अंकी नाटकांच्या अभ्यासातून मांडला. त्यात शिखर मधोमध येतं. लघुकथेला ते जसंच्या तसं लावलं की अर्धी कथा उतारावर घरंगळते. १५०० शब्दांत साधारण अशी वाटणी चालते: पहिल्या १५० शब्दांत माणूस, जागा आणि त्याला हवं ते, ३०० शब्द होण्याआधी अडचण समोर, १२०० शब्दांपर्यंत दोन किंवा तीन प्रयत्न, त्यानंतरच्या १५० शब्दांत निर्णय, आणि उरलेल्या जागेत त्या निर्णयानंतरचं थोडंसं. प्रयत्न प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने फसायला हवेत आणि प्रत्येक फसणं त्याला आधीपेक्षा अडचणीत नेणारं हवं. तीनदा हात थरथरून तीनदा स्क्रू पडला, तर ती एकच घटना तीनदा लिहिली असं होतं.

पात्र: वर्णन कमी, विसंगती जास्त

उंची, रंग, कपडे यांनी पात्र उभं राहत नाही. तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा: तो हातांनी काय करतो, काय लपवतो, आणि स्वतःबद्दल कोणती चुकीची गोष्ट खरी मानतो? घड्याळजी चिमट्याची टोकं पुन्हापुन्हा पुसतो, उजवा हात खिशात ठेवतो, आणि मुलाला अजून काही येत नाही असं मानतो. तिसरं उत्तर सगळ्यांत मोलाचं आहे, कारण कथेच्या शेवटी तीच समजूत मोडणार आहे. एवढ्या शब्दांत दोन पात्रं नीट उभी राहतात, तिसऱ्याला फार तर दारात उभं राहण्यापुरती जागा मिळते.

नजर ठरवा आणि तिचा शब्दकोश करा

इथे घाई करू नका. निवेदनाचे ढोबळ तीन मार्ग आहेत. प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी’ सांगतो. जवळीक मिळते, पण त्याला न दिसणारं काहीच सांगता येत नाही. सर्वज्ञ निवेदक सगळ्यांच्या मनात शिरतो. मोठ्या पटाला तो हवा, लहान कथेत मात्र ताण सांडून जातो. तृतीयपुरुषी मर्यादित निवेदनात ‘तो’ म्हणूनच सांगायचं, पण एकाच माणसाच्या डोळ्यांनी बघायचं. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी, कारण चूक लगेच पकडता येते.

चूक पकडायची ती अशी: खर्ड्यातली ‘वाटलं’, ‘कळलं’, ‘आठवलं’, ‘भीती वाटली’, ‘राग आला’ अशी सगळी क्रियापदं अधोरेखित करा. प्रत्येकाच्या बाजूला ती कोणाची आहेत ते लिहा. घड्याळजीच्या कथेत मधेच ‘मुलाला वाईट वाटलं’ आलं, तर नजर सुटली. ते ‘मुलाने हातातलं फडकं घडी न घालता ठेवलं’ असं होईल, कारण घड्याळजीला तेवढंच दिसू शकतं. वाईट वाटल्याचं वाचक स्वतः ओळखतो आणि ओळखल्यामुळे ते त्याचं होतं.

आता एक कागद घ्या आणि त्या माणसाच्या जगातले पंचवीस-तीस शब्द लिहा. नामं: भिंग, चिमटा, दातेरी चाक, किल्ली, तबकडी, काटा, काच, तेलाचा थेंब, धूळ, पट्टा. क्रियापदं: अडणं, झिजणं, सैल होणं, मागे पडणं, पुढे धावणं, किल्ली उतरणं. क्रियापदं नामांइतकीच हवीत. बहुतेकांच्या यादीत ती नसतात आणि म्हणून प्रतिमा निर्जीव राहतात. हा कागद समोर टांगून ठेवा. कथेतले जवळजवळ सगळे अलंकार इथूनच काढायचे आहेत.

स्थळाबद्दल थोडक्यात: एका प्रसंगाला दोन इंद्रियांचे तपशील पुरतात आणि त्यांतला एक डोळ्यांचा नसावा. सगळ्या घड्याळांची एकाच वेळी न होणारी टिकटिक दुकानाच्या आकारापेक्षा जास्त सांगते.

संवादातून न बोललेलं ऐकू येऊ द्या

‘काका, दिवा जवळ आणू?’

‘दिवा आहे तिथे बरा आहे.’

दोन ओळी आहेत आणि दोन्हींत हाताचा उल्लेख नाही. मुलाला कळलं आहे, म्हाताऱ्याला ते कळू द्यायचं नाही. हेच ‘काका, तुमचा हात थरथरतोय, मी मदत करू?’ असं लिहिलं की कथा तिथेच उघडी पडते. प्रत्येक संवादात दोघांना वेगवेगळं काही हवं असावं आणि किमान एकाने ते नाव घेऊन मागू नये.

शब्द तीन तऱ्हांनी बोलतो

संस्कृत काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या: अभिधा, लक्षणा, व्यंजना. अकराव्या शतकातल्या मम्मटाने त्यांची जी मांडणी केली ती लिहिणाऱ्याला हत्यारासारखी वापरता येते.

अभिधा म्हणजे सरळ अर्थ. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ सोडून घेतलेला दुसरा अर्थ. तिला तीन अटी आहेत: सरळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध हवा, आणि तसं बोलण्यामागे रूढी किंवा हेतू हवा. ‘सगळं दुकान हसलं’ घ्या. दुकान हसत नाही, म्हणजे अर्थ अडला. दुकानातली माणसं हसली, हा संबंध. सगळी एकदम, एका आवाजात हसली, हा हेतू. तुमच्या एखाद्या लाक्षणिक वाक्यात तिसरी अट सापडत नसेल, तर ते वाक्य साधं लिहा. ‘तिच्या मनाचं आकाश बोललं’ यात अर्थ अडतो खरा, पण अडून हाती काही लागत नाही.

व्यंजना म्हणजे सुचवलेला अर्थ. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने यालाच काव्याचा आत्मा म्हटलं. ‘सूर्य मावळला’ हे परंपरेतलं जुनं उदाहरण. गुराख्याला त्याचा अर्थ गुरं परत न्यायची वेळ झाली असा लागतो, वाट पाहणारीला तो अजून आला नाही असा, आणि राबणाऱ्याला काम थांबवा असा. वाक्य तेच असून ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो. कथालेखकाने यातून घ्यायचं ते हे की सुचवण्यासाठी नटवं वाक्य लागत नाही, नेमकी परिस्थिती लागते. वरचा दिव्याचा संवाद पूर्ण साधा आहे आणि पूर्ण व्यंजनेवर चालतो.

उपमा बांधायची कशी

उपमेचे चार भाग: उपमेय (ज्याची तुलना करायची), उपमान (ज्याच्याशी करायची), साधारण धर्म (दोघांत सारखं असलेलं) आणि साम्यवाचक शब्द (सारखा, प्रमाणे, जसा-तसा, परी, सम). बहुतेक जण उपमानापासून सुरुवात करतात, काहीतरी सुंदर शोधत. खरं काम साधारण धर्मापासून सुरू होतं.

‘त्याचा हात पानासारखा थरथरत होता.’ यात चार भाग आहेत, पण दोन दोष आहेत. एक, ही उपमा इतकी वापरून झाली आहे की पान दिसतच नाही. दोन, दिवसभर भिंगातून चाकं बघणाऱ्याला पान का सुचावं?

आधी धर्म बारकाईने ठरवा. नुसती थरथर नको. कशी थरथर? जराशा वजनानेही हलणारी. मग यादीकडे बघा. खिळीवर सैल झालेला काटा जराशा धक्क्याने हलतो. आता वाक्य: ‘सैल झालेला काटा टेबलाला धक्का लागला तरी हलतो, तसा त्याचा हात चिमट्याच्या वजनानेही हलत होता.’ इथे उपमेने हात दाखवलाच, शिवाय स्वतःच्या हाताकडे तो बिघडलेल्या यंत्रासारखा बघतो हेही सांगितलं. पात्रचित्रण आणि अलंकार एकाच वाक्यात उरकले. उपमेकडून हेच काम करून घ्यायचं.

त्यानंतर उपमानासोबत न बोलावता येणारे अर्थ तपासा. ‘विहिरीसारखे खोल डोळे’ म्हणताना खोली हवी असते, पण विहिरीबरोबर अंधार, ओल आणि आत पडण्याची भीतीही येते. भीतिदायक माणसाच्या डोळ्यांना ती चालेल, प्रेमळ आजीच्या नाही.

शेवटी, जो भाग गृहीत धरता येतो तो गाळून बघा. चारांपैकी एखादा भाग गाळलेल्या उपमेला लुप्तोपमा म्हणतात. ‘काचेसारखी नाजूक शांतता’ऐवजी नुसती ‘काचेसारखी शांतता’ लिहिली, तर वाचक धर्म स्वतः भरतो आणि त्याला नाजूकपणाशिवाय धारही दिसू शकते.

उत्प्रेक्षेत साम्य सांगायचं नसतं, उपमेय हे जणू उपमानच असल्याची कल्पना करायची असते. जणू, वाटे, भासे, गमे ही तिची खूण. रूपकात दोघं एकच होतात. एकाच प्रतिमेची तीन रूपं पाहा:

‘दुकान किल्ली उतरलेल्या घड्याळासारखं शांत होतं.’
‘दुकान जणू किल्ली उतरलेलं घड्याळ.’
‘दुकान म्हणजे किल्ली उतरलेलं घड्याळ.’

पहिल्यात बघणारा थोडा दूर उभा आहे, दुसऱ्यात त्याचं मन कल्पनेकडे झुकलं आहे, तिसऱ्यात अंतर उरलेलं नाही. म्हणून शांतपणे न्याहाळण्याच्या जागी उपमा, मन दोलायमान असताना उत्प्रेक्षा, आणि पात्राला काहीतरी ठाम उमगतं तिथे रूपक शोभतं. धावपळीच्या क्षणी लांब उपमा घालू नका. स्प्रिंग वाकते त्या वाक्यात ‘जसा… तसा’ आला की वाचक थांबून चित्र बघतो आणि धक्का निसटतो.

चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाने सजीवासारखं वागणं, फार मोहात पाडते. चंद्र रडला, वारा उदास झाला, भिंती गहिवरल्या: यात पात्राची भावना वस्तूंवर लादली जाते आणि पात्र मात्र रिकामं राहतं. वस्तू खरोखर जे करते आहे त्याचंच मानवी नाव द्या. पुन्हापुन्हा त्याच जागी अडणारं घड्याळ ‘हट्टाला पेटलं’ असं घड्याळजी म्हणेल आणि ते खरं वाटेल.

अतिशयोक्ती संवादात जास्त खुलते, निवेदनात ती लवकर खोटी पडते. विरोधाभास दोन-तीन शब्दांत असावा. गद्यातला अनुप्रास कानाला जाणवला की जास्त झाला.

झोपलेली रूपकं

भाषेत कितीतरी रूपकं झोपलेली असतात. डोंगराला पायथा आहे, सुईला नाक आहे, घड्याळाला काटा आहे. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार पाण्यावर ठेवलेल्या, तळाशी छिद्र असलेल्या वाटीतून आला. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, झाली. बोलताना आपल्याला यातलं काही दिसत नाही, आणि तेच बरोबर आहे. सगळी जागी झाली तर बोलणं अशक्य होईल.

पण कथेत योग्य जागी एखादं जागं करता येतं. शनिवार उजाडला आहे, घड्याळ अजून बंद आहे, आणि ‘भिंतीवरचा प्रत्येक काटा त्याला रुतत होता.’ नवीन शब्द एकही नाही. ‘काटा’ या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळाला, एवढंच. हे संपूर्ण कथेत एकदाच करा. दुसऱ्यांदा केलं की शब्दखेळ वाटतो.

झोपलेल्या रूपकांचा धोका असा की दोन शेजारी ठेवली तर ती नकळत भांडतात. ‘रागाच्या ठिणगीने मनात मूळ धरलं’ घ्या. ठिणगी पेटते, मूळ धरत नाही. एका वाक्यात एकच चित्र ठेवा: ठिणगी असेल तर धुमसू द्या, मूळ असेल तर खोल जाऊ द्या.

प्रतीक ठेवता येत नाही, वापरून घडतं

एक वस्तू निवडा आणि ती तीनदा येऊ द्या, दर वेळी वेगळ्या कामासाठी. भिंग पहिल्यांदा नुसतं हत्यार म्हणून येतं. दुसऱ्यांदा ते पुसूनही धुरकट दिसतं, तेव्हा बिघाड भिंगात नाही हे त्याला कळतं. तिसऱ्यांदा ते दुसऱ्याच्या डोळ्याला लागतं. पहिल्या वेळी वस्तूवर जराही जोर देऊ नका. ज्या वाचकाला प्रतीक दिसलं नाही त्यालाही कथा पूर्ण कळली पाहिजे. ती कळत नसेल तर प्रतीकाच्या गळ्यात कथानकाचं ओझं बांधलं गेलं आहे.

पुनर्लेखन: चार फेऱ्या, एकेका कामासाठी

खर्डा दोन दिवस बाजूला ठेवा. मग सगळं एकदम सुधारायला जाऊ नका, कारण वाक्य घासताना रचनेची चूक दिसत नाही.

पहिल्या फेरीत फक्त जोडशब्द: ‘म्हणून’ आणि ‘पण’ अजून टिकून आहेत ना? दुसरीत फक्त नजर, वर सांगितल्याप्रमाणे. तिसरीत ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘जणू’, ‘म्हणजे’ या सगळ्या शब्दांभोवती गोल करा आणि प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा: ही कोणाला सुचली? खरंच तसं दिसतं का? काढली तर काय जाईल? १५०० शब्दांत पाच ते सात ठळक प्रतिमा पुष्कळ झाल्या. लागोपाठच्या दोन वाक्यांत दोन आल्या तर दुबळी काढा. सर्वांत आवडलेली प्रतिमा सर्वांत कठोरपणे तपासा, कारण ती बहुधा लेखकाला सुचलेली असते, पात्राला नाही.

चौथी फेरी मोठ्याने वाचण्याची. श्वास अडतो तिथे वाक्य तोडा, जीभ अडखळते तिथे शब्द बदला. मग शेवटचा परिच्छेद हाताने झाकून कथा वाचा. ‘त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं आणि मुलापुढे धरलं. “चिमटा हलका धर,” तो म्हणाला.’ याखाली ‘आणि त्याला कळलं की वेळ कोणासाठी थांबत नाही’ असं काही लिहिलेलं असेल, तर झाकलेला हात काढू नका.